लांब पट होलपाशी थांबवायचा कसा: नागपूरच्या नवीन गोल्फर मंडळींसाठी

गोल्फ नवीन शिकून राहिलेल्या माणसाला विचारा काय जमत नाही, तो ड्रायव्हरचंच (सगळ्यात लांब मारायचा क्लब) सांगेल. बॉल उजवीकडे पळतो, टी शॉट (होलचा पहिला फटका) झाडीत जातो, आणि मग रेंजवर बादलीमागून बादली ड्रायव्हरच मारत राहतो. पण त्याच माणसाचं स्कोअरकार्ड घ्या आणि प्रत्येक होलवरचे पट, म्हणजे पटरने बॉल होलकडे सरपटत मारलेले फटके, वेगळे मोजा. झाडीत गेले त्यापेक्षा जास्त स्ट्रोक (फटके) ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, गेलेले दिसतील, आणि त्यातले बहुतेक एकाच साच्याचे: पहिला पट ३५-४० फुटांवरून, तो आठ-दहा फूट शॉर्ट (होलच्या अलीकडे) नाहीतर तेवढाच पुढे, दुसरा हुकला, तिसरा आत. हे थ्री-पट कमी करायला ताकद लागत नाही, वय आड येत नाही, नवीन पटर घ्यावा लागत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यातही सकाळच्या अर्ध्या-पाऊण तासात होण्यासारखं काम आहे. म्हणून नवीन लोकांनी सगळ्यात आधी हेच शिकावं असं माझं ठाम मत आहे. खाली जसं लिहिलं त्याच क्रमाने करा, मधल्या पायऱ्या गाळू नका.

आधी चूक नेमकी कुठे होते ते पाहा

लांबच्या पटला आपण सगळे लाइनच्या, म्हणजे बॉल कोणत्या रेषेने जाईल त्याच्या, मागे लागतो. खाली बसून पाहतो, पटर टांगून पाहतो, डावीकडे दोन बोटं की तीन बोटं यावर चर्चा होते, कॅडीभाऊ पण सामील होतात. आणि मग बॉल दहा फूट शॉर्ट राहतो.

हिशोब करून पाहू. सपाट ग्रीन, ४० फुटांचा पट. तुमच्या पटरचा फेस (बॉलला लागणारी बाजू) तीन अंश तिरका लागला, म्हणजे बऱ्यापैकी तिरका, तरी बॉल होलच्या बाजूला साधारण दोन फुटांवर जातो. अंतर बरोबर असेल तर तो टॅप-इन आहे, नुसता टेकवला की आत. आता उलटं करा, दिशा एकदम सरळ पण बॉल पाहिजे त्यापेक्षा फक्त १० टक्के जास्त स्पीडने निघाला. हा बॉल ४८ फुटांवर जाऊन थांबतो, म्हणजे होलच्या आठ फूट पुढे. १० टक्के कमी स्पीडने निघाला तर साडेसात फूट शॉर्ट. कारण बॉल किती लांब जाईल हे स्पीडच्या वर्गावर (स्पीड गुणिले स्पीड) ठरते, स्पीडमधली छोटी चूक अंतरात जवळपास दुप्पट होऊन बाहेर येते.

आणि आठ फूट म्हणजे काय ते पण समजून घ्या. आठ फुटांवरून पीजीए टूरचे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांचे, प्रो खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट आत टाकतात. जे लोक रोज तेच काम करतात त्यांचं हे, तर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. त्याच प्रोंचा अजून एक आकडा लक्षात ठेवा, साधारण ३३ फुटांवरून त्यांना सरासरी बरोबर दोन पट लागतात. त्याच्या पुढे गेलं की त्यांचेही थ्री-पट वन-पटपेक्षा जास्त होतात. म्हणजे ४० फुटांवरून दोन पटात निघालात तर तुम्ही काही गमावलं नाही, उलट चांगलं खेळलात. हे मनात पक्कं बसलं की लांब पट आत टाकायची घाई जाते आणि हात सैल होतो.

तुमचं टार्गेट

होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. लांबून तो दिसतो पण तेवढाच. त्याच्याभोवती तीन फुटांचा घेरा आखला असं समजा, म्हणजे आरपार सहा फूट. पहिला पट त्या घेऱ्यात थांबला की काम झालं. मात्र बरेच जण सांगतात की एम (नेम) पण त्या घेऱ्यालाच करा, ते मला पटत नाही. एम होललाच करायचा, घेरा फक्त पट चांगला झाला की नाही हे ठरवायला. मोठ्या टार्गेटकडे पाहून मारलं की मन ढिलं पडते आणि बॉल घेऱ्याच्या पण बाहेर जातो.

ज्यांना वाटते की पटिंग म्हणजे दुय्यम काम, त्यांनी आपल्या भारताच्या गोल्फर अदिती अशोकचा खेळ पाहावा. टोकियो ऑलिम्पिक, जे २०२१ मध्ये झालं, त्यात ती चौथी आली, पदक एका स्ट्रोकने गेलं. तिचा ड्राइव्ह बाकीच्यांच्या मानाने आखूड पडत होता, पुष्कळ होलवर ग्रीनकडे मारायला तिच्या हातात इतरांपेक्षा मोठा क्लब असायचा, आणि तरीही ती चारही दिवस जगातल्या सगळ्यात लांब मारणाऱ्या मुलींच्या बरोबरीने लढली ते पटरच्या जोरावर.

पहिलं काम: अंतर पावलांनी मोजायला शिका

हे कंटाळवाणं वाटते पण याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे. घरून मोजायचा टेप घ्या, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये ३० फूट आखा आणि नेहमीच्या चालीने चाला. दहा पावलं झाली तर तुमचं पाऊल तीन फुटांचं, बारा झाली तर अडीच. मुद्दाम लांब ढांगा टाकू नका, कारण अठराव्या होलवर थकलेले असताना त्या ढांगा तशा पडत नाहीत. टेप नसेल तर हॉलमधल्या फरशीवर भागते, आजकालच्या फ्लॅटमध्ये ज्या मोठ्या चौकोनी टाइल्स राहतात त्या बहुतेक दोन बाय दोन फुटांच्या, पंधरा टाइल्स म्हणजे ३० फूट, पण तेवढा लांब हॉल कोणाकडे आहे, म्हणून गच्चीच बरी.

कोर्सवर ग्रीनवर पोचलात की बॉलपासून होलपर्यंत लाइनच्या बाजूने चालत जा आणि पावलं मोजा. दुसऱ्याच्या लाइनवर पाय देऊ नका, हे मोजण्याच्या नादात हमखास विसरते. फुटात रूपांतर करत बसायची गरज नाही, "हा चौदा पावलांचा पट" असं मनात म्हटलं तरी चालते. महत्त्वाचं हे की प्रत्येक लांब पटला आकडा असला पाहिजे. नुसतं "लांब आहे" म्हणून मारलं तर हात पण नुसता "जोरात" मारतो.

दुसरं काम: एकसारखा स्ट्रोक

इथे जरा थांबतो, कारण गाडी खरी इथेच अडकते.

तीन गोष्टी आहेत. पहिली, बॉल पटरच्या मधोमध लागला पाहिजे. टोकाला किंवा टाचेला लागला की स्पीड कमी होतो, तुमचा बॅकस्विंग (पटर मागे नेणं) कितीही बरोबर असो. तपासायला सोपं आहे, पटरच्या फेसवर थोडी टाल्कम पावडर लावा, दहा पट मारा, प्रत्येक पटनंतर डाग कुठे पडला ते पाहा. डाग इकडेतिकडे पसरले असतील तर जमिनीत दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) रोवा, त्यांच्यामध्ये पटर जेमतेम जाईल एवढी जागा ठेवा, आणि टीला न लागता मारायची सवय करा. हा ड्रिल कंटाळा येईपर्यंत करा, खरंच, कारण अंतर चुकण्याचं अर्धं कारण इथे दडलेलं राहते आणि माणूस उगीच आपल्या अंदाजाला दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट टेम्पो, म्हणजे स्ट्रोकची लय. पटर मागे नेताना मनात "एक-दोन" आणि बॉलवर येताना "तीन", म्हणजे मागे जायला जेवढा वेळ त्याच्या अर्ध्यात बॉलपर्यंत. पट दहा फुटांचा असो की पन्नास फुटांचा, हे मोजणं तेच राहिलं पाहिजे. मोबाइलमध्ये मेट्रोनोमचं फुकट ॲप घ्या, मिनिटाला ७५ ठोक्यांच्या आसपास लावा आणि स्वतःला जुळते ते ठरवा, कोणाचं थोडं जलद राहते कोणाचं हळू. एकदा ठरलं की मग बदलू नका.

टेम्पो पक्का झाला की तिसरी गोष्ट सोपी होते, अंतर बदलायचं ते फक्त बॅकस्विंगच्या लांबीने. आणि इथे मगाचा वर्गाचा हिशोब कामी येतो. समजा सहा इंच बॅकस्विंगने तुमचा बॉल १० फूट जातो. २० फुटांसाठी बारा इंच लागेल असं वाटते नं? नाही लागत, साडेआठच्या आसपास पुरते. बारा इंचाला बॉल ४० फूट जातो. अंतर दुप्पट करायला स्पीड दुप्पट नाही, सव्वापट ते दीडपटीच्या मधे, साधारण १.४ पट लागतो. नवीन माणूस मध्यम अंतराचा पट इतका पुढे का घालवतो त्याचं उत्तर हेच. हे आकडे जसेच्या तसे कोणाला लागू होत नाहीत, तुमचे तुम्हाला काढायचे आहेत, पण प्रमाण साधारण असंच राहील.

दोन सवयी यात घात करतात. एक म्हणजे छोटा बॅकस्विंग घेऊन शेवटी मनगटाने ठोसा देणे. दुसरी, भला मोठा बॅकस्विंग घेऊन घाबरणे आणि बॉलवर येता येता ब्रेक लावणे. दोन्हीत बॉल किती जाईल हे तुम्हालाच माहीत नसते. खांद्यांनी हलवा, ग्रिप हलकी ठेवा, आणि पटर पुढे निदान मागे गेला तेवढा जाऊ द्या. बॉल स्टान्सच्या (दोन पायांमधल्या जागेच्या) मध्यापेक्षा थोडासा पुढे. ५०-६० फुटांच्या पटला थोडं ताठ उभं राहायला आणि मनगट अगदी थोडं सैल सोडायला माझी हरकत नाही, तिथे नुसत्या खांद्याने ताकद अपुरी पडते आणि माणूस जोर लावून वाकडं मारतो.

तिसरं काम: आजचा आकडा काढा

ग्रीनचा स्पीड रोज वेगळा. जगभर तो स्टिम्पमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन हौशी गोल्फरला १९३५ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटच्या ग्रीन्स पाहून ही कल्पना सुचली. साधारण तीन फुटी खाचेची पट्टी, एका टोकाने हळूहळू उचलायची, ठराविक उतार आला की बॉल आपोआप सुटतो, सपाट जागेवर तो जितके फूट जातो तो त्या ग्रीनचा आकडा. साध्या क्लबचं ग्रीन ८-९ ला असेल तर मोठ्या स्पर्धेचं ११-१२ ला राहते.

आपल्याजवळ ती पट्टी नसते, पण तुमचा स्ट्रोक एकसारखा झाला असेल तर तोच तुमचा स्टिम्पमीटर. टी टाइमच्या वीस मिनिटं आधी पोचा. कॅंटीनमध्ये चहा-पोहे नंतर. प्रॅक्टिस ग्रीनवर सपाट जागा शोधा, तीन बॉल घ्या, उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंतच बॅकस्विंग (डावखुरे असाल तर डाव्या) आणि तिन्ही बॉल कोणत्याही होलकडे न पाहता मारा. कुठे थांबले ते पावलांनी मोजा. समजा सात पावलं. मग उलट दिशेने तेच करा, कारण डोळ्याला सपाट वाटणारी जागा पुष्कळदा सपाट नसते, आणि दोन्हींची सरासरी घ्या. हा झाला आजचा आकडा. मागच्या रविवारी नऊ पावलं जात होता आणि आज सात, तर ग्रीन हळू आहे, बस, एवढंच डोक्यात घेऊन पहिल्या टीवर जा. आधी होलमध्ये बॉल टाकायची प्रॅक्टिस आणि मग हे असं करू नका, आधी हेच.

बॉल पण तोच वापरा जो राउंडला वापरणार. रेंजचे कडक बॉल घेऊन हाताला एक अंदाज लावायचा आणि कोर्सवर मऊ बॉल काढायचा, याने आवाज आणि हाताला जाणवणारा फटका दोन्ही बदलतात.

चौथं काम: चढ, उतार आणि गवत

चढ-उतारासाठी एक नियम पाठ करा. मध्यम स्पीडच्या ग्रीनवर, ९ च्या आसपास, होल बॉलपेक्षा जितके इंच वर तितके फूट पट लांब समजायचा. जितके इंच खाली तितके फूट आखूड. ३० फुटांत होल सात इंच वर असेल तर तो पट ३७ फुटांसारखा मारा, सात इंच खाली असेल तर २३ फुटांसारखा. पाहा, तेच ३० फूट आणि दोन्हीत १४ फुटांचा फरक! ग्रीन जलद असेल तर हा फरक अजून वाढतो. म्हणून उताराच्या पटला होलच्या अलीकडे एक काल्पनिक होल ठरवा आणि त्या जागेसाठीच स्ट्रोक घ्या, चढाला पलीकडे ठरवा.

उंची ओळखायची कशी? बॉलच्या मागे बसून चढ नीट कळत नाही. लाइनच्या बाजूला, मधोमध, खालच्या अंगाला जाऊन उभे राहा, तिथून बॉल आणि होल एकाच नजरेत येतात आणि कोण वर कोण खाली लगेच दिसते. चालताना तळपायाला पण कळते, त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि शेवटच्या एक तृतीयांश भागाकडे जास्त लक्ष द्या, तिथे बॉल हळू झालेला असतो म्हणून उतार त्याला जास्त ओढतो. सुरुवातीचा उतार स्पीडमध्ये थोडाफार कापला जातो.

आता गवत. आपल्याकडच्या गरम हवेत ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत चालते, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा, शेतातली हरळी, त्याच कुळातलं पण बारीक पानांचं. ते सरळ वर न वाढता आडवं, एका बाजूला झोपून वाढते, त्याला ग्रेन म्हणतात. बॉलच्या मागून होलकडे पाहिलं आणि गवत चमकून राहिलं असेल तर ग्रेन होलकडे आहे, बॉल जास्त पळेल. गडद, मळकट दिसत असेल तर ग्रेन तुमच्या अंगावर येतो, बॉल अडखळत जाईल, जास्त मारावं लागेल. खात्री नसेल तर होलची कड पाहा, एका बाजूची कड स्वच्छ कापलेली आणि समोरची खरबडीत, वाळलेली दिसते, ग्रेन त्या खरबडीत बाजूकडे जातो. कॅडीला "किती ब्रेक" (बॉल बाजूला किती वळेल) विचारण्याऐवजी "ग्रेन कुठे" विचारा, जे रोज त्या ग्रीनवर फिरतात त्यांना हे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत असते.

मोसमाप्रमाणे पण बदलते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असते, बॉल मागे ओली रेघ सोडत जातो आणि चांगलाच शॉर्ट राहतो. नऊ-दहा वाजता ऊन चढलं, दव उडालं की तेच ग्रीन जलद होते, म्हणजे एकाच राउंडमध्ये पहिल्या पाच-सहा होलचा अंदाज शेवटच्या होलला चालत नाही, हे आधीच धरून चला. पावसाळ्यात गवत जोरात वाढते, ओल्या ग्रीनवर मशीन फिरवता येत नाही, म्हणून सगळं हळू, तिथे बिनधास्त मारायला शिका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खेळणं पहाटेचंच, आणि रात्री पाणी दिलेलं असेल तर पहाटे ग्रीन मऊ आणि हळू मिळते. कोणत्या ग्रीनला पाणी दिलं हे पाय ठेवल्याबरोबर कळते, फक्त लक्ष पाहिजे.

पाचवं काम: मारण्याआधीचं रुटीन

पावलं मोजली, चढ पाहिला, ग्रेन पाहिला. आता हे सगळं डोक्यातून खाली हातात उतरलं पाहिजे, आणि ते आकड्यांनी होत नाही. कॅरममध्ये लांबच्या सोंगटीला स्ट्रायकर किती जोरात सोडायचा हे आपण मोजत नाही, सोंगटीकडे पाहतो आणि बोट आपोआप तेवढंच सुटते. इथे पण तेच करायचं आहे. बॉलच्या बाजूला उभे राहा आणि प्रॅक्टिस स्ट्रोक घेताना नजर बॉलवर नाही, होलवर ठेवा. दोन किंवा तीन स्ट्रोक, होलकडे पाहतच, जोपर्यंत "हा एवढा" असं वाटत नाही तोपर्यंत. मग बॉलवर या, एकदा होलकडे पाहा, नजर खाली आणा आणि मारा. नजर खाली आल्यावर चार-पाच सेकंद नुसते उभे राहिलात तर हाताने धरलेला अंदाज निसटतो, म्हणून तिथे अजिबात रेंगाळू नका.

पुष्कळ जण प्रॅक्टिस स्ट्रोक खाली मान घालून, गवताकडे पाहत, सवय म्हणून घेतात. त्या स्ट्रोकचा काहीच उपयोग नाही, त्यापेक्षा घेऊ नका, मागचा ग्रुप तरी खोळंबणार नाही.

पिन (होलमधली झेंड्याची काठी) लांबच्या पटला आत राहू द्या. २०१९ च्या नियमांपासून ग्रीनवरून मारलेला बॉल पिनला लागला तरी पेनल्टी नाही, आणि उभी पिन असली की अंतराचा अंदाज डोळ्याला सोपा जातो. लाइनवरचे बॉलचे खड्डे आधीपासूनच दुरुस्त करता यायचे, त्याच नियमांपासून बुटांचे ओरखडे पण तुम्ही दुरुस्त करू शकता, तर ते करा.

प्रॅक्टिस काय करायची

अर्धा तास असेल तर त्यातला निदान वीस मिनिटं लांब पटला द्या. तीन फुटांवरून टाकत बसणं मनाला बरं वाटते पण त्याने हा आजार जात नाही.

सगळ्यात आधी हाताने बॉल टाका. हो, पटर बाजूला ठेवा, प्रॅक्टिस ग्रीनवर वाकून अंडरआर्म बॉल होलकडे सरपटत सोडा, २०, ३०, ४० फुटांवरून. हात किती मागे जातो, कसा पुढे येतो ते जाणवू द्या आणि मग पटर घेऊन तीच जाणीव शोधा. लहान मुलांना तर मी हेच आधी करायला सांगेन. फक्त राउंड सुरू असताना, होल खेळताना ग्रीनवर असा बॉल सोडून पाहायचा नाही, ती ग्रीन तपासल्याची पेनल्टी आहे, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण स्ट्रोक मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोक.

मग शिडी. २०, ३०, ४० आणि ५० फुटांवर टी रोवा, चार बॉल घ्या, प्रत्येक बॉल एकेका टीला, आधी चढत्या क्रमाने मग उतरत्या, आणि मग कोणीतरी मित्राने आकडा ओरडायचा आणि तुम्ही मारायचा. एकाच अंतरावरून दहा बॉल मारले तर चौथ्यापासून सगळे जवळ जातात, पण कोर्सवर तुम्हाला चौथा बॉल कधी मिळत नाही, पहिलाच मिळतो. म्हणून अंतर दर पटला बदललं पाहिजे.

तिसरा ड्रिल माझ्या सगळ्यात आवडीचा. बॉल मारा, मान वर करू नका, आणि बॉल थांबायच्या आत मोठ्याने सांगा, "तीन फूट शॉर्ट" किंवा "दोन फूट पुढे". मग पाहा. सुरुवातीला तुमचं सांगणं आणि बॉलची जागा यात काही मेळ नसतो. हळूहळू तो जमायला लागतो, आणि ज्या दिवशी तुमचं सांगणं बरोबर यायला लागते त्या दिवसापासून बॉल पण जवळ थांबायला लागतात, कारण हाताला आता स्वतःचं काय झालं ते कळून राहिलं आहे. होलकडे पाहूनच स्ट्रोक मारायचा, बॉलकडे बघायचंच नाही, असाही एक प्रकार आहे, जॉर्डन स्पीथ छोटे पट काही काळ तसे मारायचा. लांब पटला प्रॅक्टिस म्हणून करा, ठोसा मारायची सवय लवकर जाते.

होल नसलेल्या कडेकडे पण मारा. ग्रीनची कड, जिथे फ्रिंज सुरू होते, तिथे बॉल थांबवायचा, आत पडायचं आमिषच नाही, नुसतं अंतर.

मे-जूनमध्ये बाहेर जाणं होत नसेल तर घरी टेम्पो आणि मधोमध फटका, एवढं करा. फरशीवर बॉल मारून अंतर शिकता येत नाही, ती खूप जलद, आणि जाड सतरंजी खूप हळू. पण टाइलच्या रेषेवर पटर मागे-पुढे नेऊन सहा इंच, साडेआठ इंच, बारा इंच हे बॅकस्विंग पक्के करता येतात. पटरच्या मागे फरशीवर चिकटपट्टीचे तीन तुकडे लावा, कूलरच्या वाऱ्यात बसून मेट्रोनोम लावा आणि करा.

नोंद ठेवा

राउंडला स्कोअरकार्डच्या मागे प्रत्येक होलच्या पहिल्या पटचे दोन आकडे लिहा: किती पावलांचा होता आणि किती पावलं शॉर्ट किंवा पुढे राहिला. बाजूला चढ असेल तर वर बाण, उतार असेल तर खाली बाण. कोणाला दाखवायचं नाही, आपल्यासाठी. चार-पाच राउंडची कार्डं एकत्र ठेवली की साचा दिसायला लागतो. चढाचेच सगळे शॉर्ट येत असतील तर तुम्ही इंचाला फूट धरून नाही राहिले, काल्पनिक होल अजून पलीकडे न्या. चढ असो उतार असो, सगळेच शॉर्ट असतील तर आधी पावडर लावून फटका तपासा, तो मधोमध असेल तर प्रॅक्टिस ग्रीनवरचा आकडा तुम्ही उताराच्या जागेवर काढून राहिले. पहिले सहा होल शॉर्ट आणि शेवटचे सहा पुढे, तर ते दव आहे. आणि काही शॉर्ट काही पुढे, कसलाच मेळ नाही, तर टेम्पो हलून राहिला आहे, दुसऱ्या कामावर परत जा आणि निदान दोन आठवडे मेट्रोनोमशिवाय पटर हातात घेऊ नका.